५५ इंची की ६५ इंची? हॉलचं दार दिवसभर उघडं, मागे चार यंत्रमाग चालू

रेणुका, कन्ना चौक

आमच्याकडे मोठा टीव्ही घ्यायचं ठरलंय, पण कुठला ते ठरत नाही. बजेट ६५ हजार, फार तर ७०. सध्याचा ३२ इंची आहे, त्याच्या पडद्यावर उभी रेघ आली आहे आणि ती जात नाही. सासरे म्हणतात, घ्यायचाच तर ६५ इंची घ्या, आयपीएल बघायला बरं. नवरा म्हणतो ५५ पुरे. मला इंचांपेक्षा वेगळी काळजी आहे.

आमचा हॉल ११ बाय १४ फूट. दार पश्चिमेला आणि टीव्ही बरोबर त्याच्या समोर, पूर्वेच्या भिंतीला. सकाळी दहापासून चार वाजेपर्यंत सासूबाई आणि शेजारच्या तिघीजणी तिथेच दाराजवळ विड्या वळत बसतात. हात सुपात, कान मालिकेकडे, मधूनच मान वर करून बघायचं. पानं कापायला उजेड लागतो, त्यामुळे दार लावायचा प्रश्नच नाही. दुपारी दोननंतर पडद्यात नुसतं दार दिसतं. मालिकेतलं कोण रडतंय ते आवाजावरून ओळखायचं. आधी तेलुगू मालिका, त्या संपल्या की मराठी. रात्री माग बंद झाल्यावर सासरे आणि नवरा बघतात.

माग म्हणजे, हॉलच्या मागेच पत्र्याच्या शेडमध्ये टॉवेलाचे चार माग आहेत. टीव्हीची भिंत आणि शेडची भिंत एकच. हात लावला तरी थरथर कळते. कापूस तर घरभर उडतो. घर जुनं, भिंती दगड-मातीच्या, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर.

दुकानात जाऊन आले. सगळे टीव्ही नुसते झगमगत होते, एकाचा दुसऱ्याशी फरक कळेना. क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी यातलं आम्हाला काय लागतं? दिवसातले सगळ्यात जास्त तास टीव्ही सासूबाई बघतात आणि कसला पाहिजे हे त्यांना घरात कुणी विचारलेलंच नाही. त्यांना दुपारी चेहरे नीट दिसले पाहिजेत, ही माझी अट.

मूळ सोलापूर, सध्या पिंपरी

सासऱ्यांचं ऐका, असं माझं मत. ५५ आणि ६५ मध्ये दहाच इंच दिसतात, पण ते माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं असतं. पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतं. टीव्ही आठ-दहा वर्षं वापरायचा असतो, डोळ्याला मोठ्याची सवय चार दिवसांत होते.

दुसरं, थोडं बजेट ताणता आलं तर ओएलईडी बघाच. त्याच्यात मागून दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. कडेनं बघितलं तरी चेहऱ्याचा रंग बदलत नाही, म्हणजे विड्या वळणाऱ्या मावशींचाही प्रश्न सुटेल. किंमत ५५ इंचीला लाखाच्या घरात जाते, हे खरं. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. कराआधी ५० हजारांचा टीव्ही पूर्वी ६४ हजारांना पडायचा, तो आता ५९ हजारांना पडतो. ते वाचलेले पैसे पडद्यात घालता येतील.

टीव्हीवाले मामा, साखर पेठ

नमस्कार ताई. मी टीव्ही दुरुस्तीचं काम करतो, पिक्चर ट्यूबच्या काळापासून. तुमचं घर न बघताही मला दिसतंय, कारण सोलापूरच्या निम्म्या पूर्व भागात अशीच घरं आहेत आणि मी रोज त्यांत जातो. सासूबाईंचं तुम्ही आधी लिहिलंत, हे फार बरं केलंत. टीव्ही घेताना लोक रात्रीच्या मॅचचा विचार करतात आणि तो चालतो दिवसा.

आधी भिंत बदला. टीव्ही घ्यायच्या आधी, पैसा न घालवता करायचं हे काम आहे. दाराच्या समोर लावलेला कुठलाही पडदा दुपारी आरसाच होणार, मग तो ६० हजारांचा असो की दोन लाखांचा. टीव्ही उत्तरेच्या भिंतीला न्या. दार मग एका कडेला राहील. आपण पडद्याकडे डाव्या अंगानं बघत असलो तर त्यात उजव्या अंगाचं प्रतिबिंब दिसतं. सासूबाई दाराजवळ, म्हणजे पश्चिमेला बसणार. त्यांना पडद्यात घराची पूर्वेची, आतली अंधारी बाजू दिसेल, दार दिसणार नाही. अर्धं काम इथंच झालं. शिवाय मागांच्या भिंतीपासून टीव्ही सुटला. फक्त टीव्ही भिंतीला समांतरच ठेवा, त्यांना बरं पडावं म्हणून दाराकडे तिरका करू नका, नाहीतर दार परत पडद्यात येईल.

आता इंच. भिंत बदलली की सासऱ्यांची खुर्ची दक्षिणेच्या भिंतीला जाणार, म्हणजे अंतर साधारण १२ फूट. इतक्या लांबून ६५ सुद्धा मोठा वाटत नाही. कर्णाच्या दीडपट-पावणेदोनपट अंतरावर बसलं की चित्र डोळ्यात भरतं, असा अंदाज आम्ही धरतो. ५५ ला ते सात ते आठ फूट येतं, ६५ ला आठ ते साडेनऊ. तेव्हा सासरे चुकीचं काही म्हणत नाहीत. पण हिशेब करून बघा. १२ फुटांवरून ६५ इंची जेवढा दिसतो, तेवढाच ५५ इंची सव्वादहा फुटांवरून दिसतो. खुर्ची दोन फूट पुढे घेतली की झालं. वरचे इंच असे खुर्ची सरकवून मिळतात ताई, पॅनेलचा दर्जा कशानंच मिळत नाही. तुमच्या ६५-७० हजारांत ६५ इंची येतो, पण तो साधा येतो. तेच पैसे ५५ वर घातले तर उजेडाला टिकणारा पडदा मिळतो. मी ५५ घेईन.

पिंपरीवाल्या दादांनी ओएलईडीचं जे सांगितलं ते बरोबर आहे, कडेनं तो उत्तमच दिसतो. पण तुमच्या घरी नको. एक तर उघड्या दाराच्या उजेडात सगळा पडदा उजळायला त्याला कष्ट पडतात. दुसरं म्हणजे सहा तास रोज तेच चॅनेल, कोपऱ्यात तोच लोगो, खाली तीच पट्टी. ओएलईडीत अशा न हलणाऱ्या चित्राचा डाग पडद्यावर कायमचा बसू शकतो. अंधारात सिनेमे बघणाऱ्याला तो घ्या म्हणून मी स्वतः सांगतो.

राहिले एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी. तिन्हींच्या मुळाशी एकच एलसीडी पडदा आणि मागून दिवे. क्यूएलईडीत मध्ये एक क्वांटम डॉटचा, म्हणजे अतिबारीक कणांचा थर असतो, त्यानं रंग सुधारतात. मिनी एलईडीत मागचे दिवे बारीक आणि पुष्कळ असतात, उजेड जास्त पडतो आणि चित्राचा जो भाग काळा आहे तिथले दिवे मंद करता येतात. तुमच्या उघड्या दाराला तो चांगला, आणि ५५ इंचीत बजेटमध्ये बसू शकतो. पण पडद्याची जात खोक्यावर लिहिलेली नसते, ती डोळ्यांनीच बघावी लागते. आयपीएस जातीचा पडदा कडेनं चांगला दिसतो, काळा रंग मात्र जरा करडा. व्हीए जातीचा समोरून झकास, कडेनं रंग उडतात. मिनी एलईडीत बहुतेक व्हीएच असतात. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन मापांतही पडदा वेगळा असू शकतो, म्हणून जे माप घेणार तेच बघा.

बघायचं कसं, तर सासूबाईंना बरोबर घेऊन जा. त्या हॉलमध्ये जेवढ्या कडेला बसतात तेवढ्याच कडेला दुकानात उभं करा. एखाद्याच्या चेहऱ्याचं चित्र थांबवायला सांगा आणि त्यांनाच विचारा. मग टीव्ही बंद करायला लावा आणि काळ्या पडद्यात दुकानातले दिवे किती लख्ख दिसतात ते बघा, त्यावरून आरसेपणा कळतो. दुकानात टीव्ही डेमो मोडवर असतो, उजेड आणि रंग शेवटच्या टोकाला नेलेले. तो घरगुती मोडवर करायला लावा. आणि मोर-फुलं-समुद्राचा व्हिडिओ नको, आपलं रोजचं चॅनेल लावायला सांगा.

घरी आणल्यावर बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांचा उजेड, शंभरवर ठेवू नका. माझ्याकडे येणाऱ्या टीव्हींत पडदा काळा, आवाज चालू, असे फार असतात. आतल्या एलईडीच्या पट्ट्या उष्णतेनं गेलेल्या असतात. बहुतेक टीव्हींच्या पुस्तिकेत खोलीचं तापमान ४० अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, आणि आपला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. माळवदाखाली तुमचा हॉल गार राहील, पत्र्याच्या खोलीत मी टीव्ही लावूच नका म्हणतो. दिवसा ७०-७५, रात्री ४०-५०. डोळ्यालाही बरं आणि पट्ट्याही टिकतात.

गौरी, होटगी रोड

मामांनी छान सांगितलंय. मी एक विचारते, तुमच्याकडे केबल साधी आहे की एचडी? कारण आमच्या घरी मोठा टीव्ही आल्यावर आईला चित्र धुरकट दिसायला लागलं, आणि त्याचं कारण टीव्हीत नव्हतंच.

साध्या एसडी चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. हल्लीच्या मोठ्या टीव्हींच्या फोरके पडद्यावर ३८४० बाय २१६० ठिपके असतात, म्हणजे बरोबर वीसपट. वीसपैकी एकोणीस ठिपके टीव्हीनं अंदाजानं भरायचे. सिंगल चादर डबल बेडवर ताणावी तसं होतं. ३२ इंचीवर ते खपून जातं, ५५ वर जात नाही. एचडी चॅनेलमध्ये १९२० बाय १०८० ठिपके, तिथे चारातले तीनच भरायचे असतात आणि चित्र चांगलं येतं. स्टार प्रवाह, झी मराठी एचडीत आहेत. तेलुगूतली सासूबाईंची चॅनेलं एचडीत आहेत का, तेवढं केबलवाल्याला नावं सांगून विचारून घ्या. बॉक्सही एचडीचा लागतो. नुसतं पॅकेज बदलून उपयोग नाही. आणि बॉक्स टीव्हीला जोडताना पिवळी-लाल-पांढरी वायर नको, एचडीएमआयच लावा. आमच्याकडे बसवायला आलेल्यानं जुनीच वायर लावली होती, बदलल्याबरोबर आई म्हणाली की आता साडीचे काठ दिसतात.

आवाजाचंही बघा. पातळ टीव्हीत स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. माग चालू असताना नुसता आवाज वाढवला की संगीत वाढतं, बोलणं कळत नाही. बहुतेक टीव्हींत बोलणं ठळक करायची सेटिंग असते, ती दुकानातच शोधून बघा. नाहीच भागलं तर पुढे साधा साउंडबार जोडता येतो, त्यासाठी एआरसी लिहिलेलं एचडीएमआय पोर्ट असलं की झालं.

रेणुका, कन्ना चौक

मामा, गौरीताई, खूप आभार. काल रात्रीच जुना टीव्ही उत्तरेच्या भिंतीला लावून बघितला. आज दुपारी अडीच वाजता सासूबाईंनी आपण होऊन सांगितलं, आज दिसतंय. ३२ इंचीवरच! सासरे खुर्ची पुढे घ्यायला तयार आहेत, पण ६५ अजून सोडलेला नाही.

केबल साधीच आहे. केबलवाल्याला विचारलं, एचडी बॉक्स देतो म्हणाला. सासूबाईंच्या यादीतली दोन चॅनेलं एचडीत मिळतात, बाकीची साधीच राहतील.

आता नवीन प्रश्न. उत्तरेची भिंतही दगड-मातीचीच आहे. टीव्ही भिंतीवर लावायचा की टेबलावर? लहान मुलं आहेत घरात. आणि कापसाचं काय करू? झाकून ठेवलं तर चालेल का?

टीव्हीवाले मामा, साखर पेठ

अडीच वाजता दिसलं ना, मग उरलेल्या चॅनेलांचीही काळजी करू नका. ५५ वर साधी चॅनेलं बघण्यासारखी राहतात, ६५ वर जास्त विरळ दिसतील. सासऱ्यांना हे कारण पटेल, कारण मॅच संपली की बातम्या तेही साध्याच चॅनेलवर बघत असतील.

भिंतीचं मी स्पष्ट सांगतो. दगड-मातीच्या भिंतीत भोक पाडून फास्टनर ठोकू नका. ड्रिल दगडाला लागलं तर फिरत नाही आणि दोन दगडांच्या मधल्या मातीत गेलं तर बोल्ट धरत नाही. वरून गिलावा असतो म्हणून भिंत पक्की वाटते. ५५ इंची टीव्ही साधारण १५ किलोचा. त्यात मागांची थरथर सहा दिवस चालूच, बोल्ट हळूहळू सैल होत जातो. टीव्ही बसवायला येणारा मुलगा घाईत असतो, तो लावून देईल आणि जाईल. तुम्ही नाही म्हणा.

टेबल घ्या, लाकडी, जड, ठेंगणं. टीव्हीची रुंदी चार फुटांच्या आसपास असते आणि हल्ली पाय अगदी टोकांना असतात, म्हणून टेबल त्यापेक्षा रुंद पाहिजे. घेण्याआधी दोन पायांमधलं अंतर विचारून ठेवा. तुमच्याकडे जमिनीवर बसून बघणारे जास्त, तेव्हा टेबलाची उंची दीड फूट पुष्कळ झाली. टेबलाच्या पायाखाली रबराचे तुकडे घाला, थरथर कमी पोचते. मुलांसाठी टीव्हीच्या मागच्या भोकांतून पट्टा घेऊन टेबलाच्या मागच्या फळीला आवळून बांधा. मुलं पडदा धरून उभी राहतात तेव्हा टीव्ही पुढे झुकतो, आणि फुटलेला पडदा वॉरंटीत येत नाही. नवीन पॅनेल घालायचं तर जवळजवळ टीव्हीची किंमत होते.

कापसावर मला जास्त बोलायचंय, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. टीव्हीच्या मागे हवेसाठी जाळी असते. तिथून सुताचा बारीक कापूस आत जातो, तुमच्याकडे तंबाखूची धूळही आहे, आणि हे सगळं पॉवर सप्लायच्या बोर्डावर बसतं. उन्हाळ्यात ते उष्णता अडवतं. पावसाळ्यात ओल धरतं आणि मग एक दिवस फट्ट असा आवाज येऊन टीव्ही बंद. म्हणून टीव्ही भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ठेवा. आठवड्यातून एकदा, दिवाळीत नव्हे, आठवड्यातून एकदा, प्लग काढून कोरड्या मऊ ब्रशनं जाळी बाहेरून झाडा. हवा मारायची असेल तर लांबून आणि हळू, मागांच्या कंप्रेसरची हवा जवळून मारली तर कापूस आत ढकलला जातो. झाकायचं असेल तर रात्री बंद केल्यावर, थोडा गार झाल्यावर, सुती कपड्यानं झाका. चालू असताना मागची बाजू झाकू नका, वरून लोंबणारी जाळीची झालरही नको. पडदा चष्मा पुसायच्या मऊ कापडानं कोरडाच पुसा. खिडकीच्या काचेला मारायचा स्प्रे पडद्यावर मारू नका, पडदा काचेचा दिसला तरी वर लेप असतो.

वायरमन, विडी घरकुल

विजेचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. ताई, मागांचा मीटर आणि घरचा मीटर वेगळा असेलच, पण घराची लाइन मागांच्या बोर्डावरून कुणी ओढलेली नाही ना, ते आधी बघून घ्या. जुन्या घरांत अशी असते. माग सुरू होताना मोटर एकदम करंट ओढते आणि बंद होताना झटका देते, टीव्ही त्याच्यावर नको.

हल्लीच्या बहुतेक टीव्हींवर मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी दाबाला त्यांना स्टॅबिलायझर लागतच असं नाही. धोका वरच्या दाबाचा आहे. खांबावरची न्यूट्रल तार तुटली की २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट घरात येऊ शकतात, तेव्हा साधा पॉवर स्ट्रिप काहीच वाचवत नाही. दाब ठरावीक मर्यादेबाहेर गेला की आपोआप लाइन तोडणारं उपकरण मेन बोर्डात बसतं, ते बसवून घ्या. सगळ्या घराला उपयोगी पडेल. अर्थिंग तपासायचं ते नुसत्या टेस्टर-पेचकसानं नाही, मीटर लावून. अर्थिंग नसेल तर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका अडवणारं उपकरण, लावून फारसा फायदा नाही.

वळवाच्या दिवसांत वीज कडकडायला लागली की टीव्हीचा प्लग काढाच, आणि केबल बॉक्सचाही काढा. झटका केबलच्या वायरीतून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयनं टीव्हीत येतो. नुसतं बटण बंद करून चालत नाही.

इन्व्हर्टरवर टीव्ही चालवणार असाल तर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनसारखीच वीज देणाराच बघा. ५५ इंचीला साधारण १०० ते १५० वॅट लागतात. दिवसाला आठ तास चालला तर एक युनिटच्या आसपास. टीव्हीच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, दोन मॉडेलांत अडलात तर ते आकडे शेजारी ठेवून बघा.

रेणुका, कन्ना चौक

दादा, नवऱ्यानं बघितलं. हॉलची लाइन मागांच्या बोर्डावरूनच आलेली आहे. आधी ते काम करून घेतो. रविवारी सासूबाईंना घेऊन दुकानात जाणार आहे, त्यांनी शेजारच्या दोघींनाही बरोबर यायला सांगितलंय.

टीव्हीवाले मामा, साखर पेठ

चांगलं झालं. दोन गोष्टी अजून. तुमच्या बोळाची आणि दाराची रुंदी मोजून जा, खोकं साडेचार फूट लांब असतं आणि ते उभंच न्यायचं, टेम्पोत आडवं टाकू द्यायचं नाही. कंपनीचा माणूस येईपर्यंत खोकं उघडू नका आणि तो आला की त्याच्यासमोर पडदा एकदा पूर्ण पांढरा, एकदा पूर्ण काळा करून चारही कोपरे बघून घ्या. बिलावर मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून मागा, शेवटच्या अक्षरांसकट.

दुकानात सासूबाईंना कुठला आवडला तो नंबर इथं टाका, त्याचे सुटे भाग सोलापुरात मिळतात का ते मी विचारून सांगतो.